पहिला मिररलेस कॅमेरा घ्यायचाय, फिरायला न्यायला (बजेट बेताचं)

भिंगरी:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं फोनवरच भागवत आले. मागच्या प्रवासात मात्र दोनदा चरफडले. एकदा दिवेलागणीला ओट्यावर बसलेल्या एका आजींचा फोटो काढला. फोनच्या पडद्यावर झकास दिसला, पण घरी येऊन लॅपटॉपवर उघडला तर चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं. एकही सुरकुती शिल्लक नाही! दुसऱ्यांदा नदीपलीकडचा पक्षी. तो फोटो दाखवला की लोक विचारतात, "यात पक्षी कुठाय?"

तर आता मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचाच. वर्षातून दोन-तीन मोठे प्रवास, त्यात बरंचसं पायी, पाठीवर एकच सॅक. व्हिडिओ क्वचित. बजेट बेताचं, म्हणजे नव्यातल्या सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या, नाहीतर चांगला सेकंडहँड. आठवडाभर रिव्ह्यू बघतेय आणि दर रिव्ह्यूनंतर मत बदलतंय. कॅनन आर५०, सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड५०, फुजी एक्स-टी३० टू, ऑलिंपस ई-एम१० मार्क फोर. यातला कोणता घेऊ?

उनाडटप्पू:
फुल फ्रेम घ्या, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा. एकदाच घ्या, नंतर रडायला नको.

काचकिडा:
@उनाडटप्पू, बजेट वाचलंत का? जुनी फुल फ्रेम बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) मिळेलही, पण पुढे लावायच्या काचेचं काय? सोनी ए७ थ्री ६५० ग्रॅम. त्यावर त्यांचीच पहिली २४-७० एफ/२.८ लेन्स ८८६ ग्रॅम. झाला दीड किलो. रडायचंच असेल तर खांद्यानेच सुरुवात होईल.

@भिंगरी, बॉडीची यादी आठ दिवस बाजूला ठेवा आणि दोन गृहपाठ करा.

पहिला: मागच्या प्रवासाचे सगळे फोटो उघडा आणि मोजा. ०.५ एक्सवर किती, १ एक्सवर किती, २ एक्सच्या पुढे किती. फोन ही माहिती प्रत्येक फोटोसोबत साठवतो. झूम केलेल्यांत काय होतं तेही बघा: माणसं, इमारती की पक्षी. तुमच्या फोनचा १ एक्स म्हणजे फुल फ्रेमच्या मापात साधारण २४ ते २६ मिमी (आकडा लहान तितकं दृश्य रुंद). म्हणजे तुम्हाला कुठली लेन्स लागते याचा पुरावा तुमच्याच खिशात आहे, रिव्ह्यू कशाला बघायचे?

दुसरा: अर्धा लिटरची पाण्याची बाटली भरून गळ्यात अडकवा आणि दिवसभर कामं करत फिरा. थट्टा नाही. आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम, त्याची १८-४५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) १३० ग्रॅम, बेरीज ५०५. संध्याकाळी बाटली फेकून द्यावीशी वाटली तर इथेच कळवा, पैसे वाचतील.

आळशी अस्वल:
बाटलीला अनुमोदन. माझा मिररलेस तीन प्रवास आला, चौथ्यापासून कपाटात आहे.

भिंगरीताई, एक कटू गोष्ट सांगतो. आजींचा तो फोटो किट लेन्सने काढला असता तर कदाचित आणखी वाईट आला असता. हलकेच घ्या, पण आधी हिशोब बघा. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ७० चौ. मिमी, एपीएस-सीचा (फुल फ्रेमहून लहान, तुमच्या यादीत बहुतेक हाच) सुमारे ३६५. पाचपट मोठा, बरोबर? पण फोनची लेन्स एफ/१.८ ची (एफपुढचा आकडा लहान तितकं लेन्सचं दार मोठं) आणि किट लेन्स थोडी झूम केली की एफ/५.६ वर येते. एफ/१.८ मधून एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड येतो. म्हणजे सेन्सर पाचपट मोठा, पण दार दहापट अरुंद. अंधारात फोनच पुढे. वर फोन पाच-दहा फ्रेम एकावर एक रचून गोंगाट (अंधारातल्या फोटोतले दाणे) पुसतो, ते वेगळंच.

म्हणून म्हणतो, फोन बरा.

काचकिडा:
हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकला. त्याच सेन्सरपुढे एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावा, मग पाचपट फायदा पुरा मिळतो. तुमचा कॅमेरा कपाटात गेला तो किट लेन्स कधी उतरवलीच नाही म्हणून. खरं की नाही?

आळशी अस्वल:
:) खरं आहे. पॉवर झूम होती. बटण दाबल्यावर बाहेर यायला वेळ घ्यायची, तेवढ्यात मांजर निघून जायचं.

रानवाट:
मी सांगते ते कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. दुकानात जा आणि कॅमेरे हातात धरा. नुसता धरायचा नाही, लेन्स लावून उजव्या हातात लटकवत पाच मिनिटं उभं राहायचं, करंगळीकडे लक्ष ठेवून. सोनीच्या ए६००० घराण्यातल्या बॉड्या बुटक्या, माझी करंगळी खाली हवेत राहते आणि तासाभराने मनगट बोलायला लागतं. झेड५० ची पकड खोल आहे, चारही बोटं बसतात. माझ्या भाच्याला उलट तीच बोजड वाटते, त्याला सोनी आवडतो. हात ज्याचा त्याचा.

दुसरं म्हणजे व्ह्यूफाइंडर. तुमच्या यादीतल्या झेडव्ही-ई१० ला तो नाही. निकॉन झेड३० लाही नाही. फोनवरून येणाऱ्यांना वाटतं, पडदा आहे की, डोळा कशाला लावायचा? भर दुपारी उन्हात बघा. पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. शिवाय कपाळाला टेकवलेला कॅमेरा कमी हलतो, हात लांब करून धरलेला जास्त. व्हिडिओवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना व्ह्यूफाइंडर नसला तरी चालतं. तुम्ही त्यातल्या नाही.

उनाडटप्पू:
बरं, फुल फ्रेम राहू द्या. पण बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तरी हवंच ना? यादीत ते फक्त ऑलिंपसला आहे.

काचकिडा:
हा प्रश्न चांगला विचारलात. ई-एम१० मार्क फोरचा सेन्सर स्वतः हलतो आणि हाताचा थरकाप खोडून काढतो, कंपनी साडेचार स्टॉप म्हणते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अंधाऱ्या सभागृहात ट्रायपॉड चालत नाही, तिथे पाव सेकंदाचा फोटो हातात धरून निघतो. दगडी खांब, नक्षी, छत यांना वरदान. पण माणसं हलतात! सेन्सर तुमचा हात थांबवतो, समोरच्याचं डोकं नाही. आजी बोलता बोलता मान हलवणार, तिथे किमान १/१२५ सेकंद हवाच आणि त्याला उजेडच लागतो. इमारतींसाठी स्टॅबिलायझेशन, माणसांसाठी मोठं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं दार.

बाकी मायक्रो फोर थर्ड्सची, म्हणजे या ऑलिंपसच्या घराण्याची, बाजू मी कायम घेतो. सेन्सर १७.३ बाय १३ मिमी, एपीएस-सीहून लहान, पण लेन्सही तशाच लहान. ती बॉडी ३८३ ग्रॅम, चपटी १४-४२ लेन्स ९३ ग्रॅम आणि २५ मिमी एफ/१.८ प्राइम १३७ ग्रॅम. अख्खा संसार ६१३ ग्रॅममध्ये. २००८ पासूनचं माउंट (बॉडीवर लेन्स बसायची जागा), ऑलिंपस आणि पॅनासॉनिक दोघांचं, त्यामुळे जुन्या लेन्सचा बाजारही भरलेला. २०२१ पासून ऑलिंपसचा कॅमेरा विभाग ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेलाय, पण लेन्स त्याच लागतात.

जुनाजाणता:
माउंटचा विषय निघालाच आहे म्हणून. सेकंडहँड बाजारात कॅननचे ईओएस एम५०, एम१००, एम२०० भरपूर दिसतील, दिसायला गोंडस आणि खिशालाही हलके. घेऊ नका असं म्हणत नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्या. ते ईएफ-एम माउंट कॅननने गुंडाळलं. त्या लेन्स आताच्या आरएफ बॉडीवर बसत नाहीत, अॅडॅप्टरनेही नाही. पुढे बॉडी बदलली की लेन्ससकट सगळं बदलायचं. आर५० चं आरएफ माउंट चालू आहे. आधी त्यात बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स जवळजवळ नव्हत्याच, २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉन एपीएस-सीसाठी येऊ लागले. सोनीच्या ई माउंटला मात्र असे भरपूर पर्याय, ते २०१० पासून आहे.

आता सेकंडहँड कसा बघायचा. मी एकदा फसलोय. लेन्स दिव्याखाली लख्ख दिसत होती, बॉक्सही होता. घरी आणून मागच्या बाजूने टॉर्च मारला आणि समोरून तिरकं बघितलं, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी! विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. त्या दिवसापासून टॉर्च माझ्या पाकिटाशेजारी असतो. लेन्स दोन्ही बाजूंनी, अॅपर्चर पूर्ण उघडून बघायची. धुळीचे दोन-चार कण चालतात, धागे चालत नाहीत.

सेन्सरसाठी अॅपर्चर एफ/१६ वर न्या, पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा, झूम करून बघा. गोल करडे डाग म्हणजे धूळ, ती साफ होते. रेघ दिसली तर ओरखडा असू शकतो, तिथून उठायचं. मग सगळी बटणं, दोन्ही डायल, फ्लॅश, कार्डाचं दार, चार्जिंगचं भोक. निकॉन असेल तर त्याच कॅमेऱ्याने काढलेला ताजा फोटो मेलवर घ्या. शटर किती वेळा पडलंय तो आकडा फोटोच्या माहितीत असतो, संगणकावर वाचता येतो.

भिंगरी:
गृहपाठ केला! बाटली आधी सांगते. पहिले दोन तास मजा, दुपारी मानेला पट्टा रुतला, मग तिरकी अडकवली (खांद्यावरून कमरेला) आणि विसरूनच गेले. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "अगं तहान लागलीय का?" निष्कर्ष: अर्धा किलो चालेल, पण गळ्यात नाही.

आता मोजणी. एकूण ५८३ फोटो. १ एक्स ३९१, ०.५ एक्स ४७, झूम केलेले १४५. इथे मी चाट पडले. मला वाटत होतं झूम म्हणजे पक्षी आणि डोंगर. त्या १४५ मधले पक्षी फक्त ९. शंभराहून जास्त माणसं! आणि त्यांतली बहुतेक २ एक्सवर, संध्याकाळी किंवा घराच्या आत.

म्हणजे मला मोठी झूम लेन्स हवी, असं जे मनात धरून बसले होते, ते त्या नऊ पक्ष्यांमुळे?

काचकिडा:
नऊ पक्ष्यांपायी लोक सहाशे ग्रॅमची १८-३०० मानेवर वागवतात. तुम्ही वाचलात.

तुमचे आकडे स्पष्ट बोलतायत. तीनातले दोन फोटो २४-२६ मिमीला, म्हणून किट लेन्स तेवढी रुंद हवी. इथे कॅननची १८-४५ मार खाते. कॅननचा क्रॉप (लहान सेन्सरमुळे लेन्सच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो आकडा) १.६, त्यामुळे १८ चे झाले २९. तुमच्या फोनपेक्षा अरुंद! अरुंद गल्लीत मागे सरकत सरकत भिंतीला टेकाल. सोनी आणि निकॉन दोघांच्या किट लेन्स १६-५०, क्रॉप १.५, म्हणजे २४ ते ७५. फोनच्या नजरेची सवय तशीच चालेल. आणि २ एक्सवरच्या माणसांसाठी ५०-६० च्या आसपासची एक उजेडाची प्राइम. सोनीत ३५ एफ/१.८, ती ५२ पडते, १५४ ग्रॅम, स्टॅबिलायझेशनसकट. निकॉनमध्ये ४० एफ/२, ती ६० पडते, १७० ग्रॅम, स्टॅबिलायझेशन नाही.

फुजी?

फुजीवर माझं प्रेम आहे, एक्स-टी३० टू मध्ये १८ फिल्म सिम्युलेशन (तयार रंगछटा) आहेत आणि जेपेग सरळ कार्डावरून वाटता येतात. पण सेकंडहँडमध्येही भाव खाऊन असतो. तेवढ्यात दुसरीकडे बॉडीसोबत प्राइम बसेल. प्राइम सोडून फुजी घेऊ नका.

आळशी अस्वल:
भिंगरीने भिंगावर निर्णय घेतला म्हणायचं.

रानवाट:
हा विनोद कोणीतरी करणारच होतं.

उनाडटप्पू:
आणि कार्ड, बॅटरी वगैरे? तिथेही पैसे जातात.

रानवाट:
बॅटऱ्या दोन हव्यातच. मिररलेसचा पडदा आणि व्ह्यूफाइंडर सतत चालू असतात, एका बॅटरीत ढोबळ तीनशे फोटो धरा, थंडीत आणखी कमी. थंडीत दुसरी बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायची. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, सामानात टाकायच्या नाहीत. कॅमेऱ्याच्या बॅटरीला घाबरायचं कारण नाही, झेड५० ची साडेआठ वॉट-अवरची आहे आणि परवानगी लागते ती १०० च्या पुढे. टोकांवर प्लॅस्टिकची टोपी मात्र हवी, किल्ल्यांच्या जुडग्यात पडली तर शॉर्ट होते.

कार्ड ६४ जीबीची दोन घ्या, एक १२८ चं नको. एक हरवलं तर अर्धा प्रवास तरी उरतो. व्ही३० (कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलेलं पुरे.

आणि एक माझा धडा. थंडगार खोलीतून कॅमेरा उचलून तडक दमट उन्हात गेले. लेन्स पांढरीफटक, सेन्सरपुढेही दव. कापडाने पुसत सुटले, पुन्हा पुन्हा येत होतं. अर्धा तास गेला आणि सूर्योदयही. आता निघण्याआधी कॅमेरा सॅकमध्ये बंद करून सॅकच बाहेर ठेवते, आतल्या आत हळूहळू तापू देते.

भिंगरी:
घेतला!! झेड५०, सेकंडहँड, १६-५० सकट. सोबत ४० एफ/२. दोन जागी जाऊन हातात धरले. सोनीत करंगळी हवेत, रानवाटताईंनी सांगितलं तस्सं. आर५० गोड होता पण गल्लीचा मुद्दा डोक्यातून जाईना. जुनाजाणता काका, टॉर्च घेऊन गेले होते. पहिल्या ठिकाणी टॉर्च काढल्यावर विकणारा म्हणाला, "मॅडम, तुम्ही डॉक्टर का?" तिथून उठले, रेघ होती. दुसऱ्या ठिकाणी पांढरी भिंत नव्हती, त्यांच्या मुलाच्या वहीच्या कोऱ्या पानावर फोटो काढला. तीन डाग, रेघ नाही. शटर साडेसहा हजारांच्या आत.

आल्या आल्या घाबरले, कारण चालू केला तर पडद्यावर चेतावणी आणि फोटोच निघेना. १६-५० आधी हाताने पिळून उघडावी लागते हे कुणीच सांगितलं नाही!

काचकिडा:
अभिनंदन! ते सांगायचं राहिलंच. चू. भू. द्या. घ्या.

आता पहिले पंधरा दिवस ए मोडवर (अॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ४० मिमी लावून, अॅपर्चर एफ/२ वर. ऑटो आयएसओची (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वरची मर्यादा ६४०० आणि किमान शटर १/१२५ लावून टाका. बाकी काही शिकू नका. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवा, आज रॉ उघडता येत नसले तरी पुढे येतील.

जुनाजाणता:
आणि लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे.

भिंगरी:
तीन आठवड्यांनी परत आले. छोटा प्रवास झाला, चार दिवसांचा.

आधी रडगाणं. पहिल्या दिवसाचे सगळे फोटो पांढुरके. माझ्याच हातून नकळत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायचं सेटिंग) +१.३ वर गेलं होतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तो आकडा मला दिसत असून दिसला नाही. रॉ होते म्हणून बरेचसे सावरले. ४० मिमी एफ/२ वर दोन माणसं शेजारी बसवली तर एकाचा डोळा स्वच्छ, दुसऱ्याचा कानच विरघळलेला. आता दोघं असतील तर एफ/४. आणि हो, ०.५ एक्सची आठवण आली. दोन वेळा फोनच काढला, लाज न बाळगता.

आता हे बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका शिंप्याच्या दुकानापुढे थांबले. आत मशीनवर एकच दिवा. आजोबा सुईत दोरा ओवत होते, डोळे बारीक करून, ओठांत दोऱ्याचं टोक. विचारलं, "काढू का?" मान हलली. १/१२५, एफ/२, आयएसओ १६००. घरी येऊन लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून बघितला. भुवईचे केस मोजता येतात. दोरा ओला झालाय तेही कळतं.

किट लेन्सवर तोच फोटो एफ/५.६ ला काढला असता तर आयएसओ १२८०० झाला असता ना? आठपट?

काचकिडा:
बरोबर आठपट, ३ स्टॉप. फोटो टाका की इथे.

भिंगरी:
आजोबांना प्रिंट पाठवायचं कबूल केलंय. ते पोचलं आणि ते हो म्हणाले की टाकते.

आळशी अस्वल:
कपाटातून काढलाय. बॅटरी फुगलेली निघाली. जुन्या ई माउंटसाठी ३५ एफ/१.८ कुणाकडे पडून आहे का?

जुनाजाणता:
आहे एक. टॉर्च घेऊन या.